नसलेल्या पानाची लिंक

प्रिय जिबेक,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या मनात नाही नाही ते आलं असेल. येऊ देऊ नकोस. इथे कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही, आणि तुझ्या भावाची व्हॅन अजूनही चढावर त्याच वळणावर बंद पडते. फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो, नूरुझच्या सणाला लेकरांचे फोटो पाठवतो, तेवढं फोनवर निभतं. पण आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे तुझ्या आईच्या, आपांच्या, कानाशीच बोलायचं. मी तुझं नाव न घेता बोलते तरी त्यांना कळतं, कारण मी "हो का, तिकडे अजून बर्फ?" म्हटलं की त्या लगेच उठून बाहेर कोंबड्यांना दाणे टाकायला जातात. त्या कोंबड्या तुझ्यामुळे फार लठ्ठ झाल्यात. शिवाय मला तुला एक प्रश्न विचारायचाय. तो फोनवर विचारला असता तर तू "अगं, सहज" म्हणून उडवून लावला असतास. माझा स्वभाव तुला शाळेपासून ठाऊक आहे. एखादी गोष्ट कळली नाही तर मला जेवण जात नाही.

आधी माझ्या कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी दिवसभर काय करते असं कोणी विचारलं की तालाय म्हणतो, "लोकांच्या चांभारचौकशा करते, आणि वर त्याचा पगार घेते." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याला हा एकच विनोद येतो, पण तो खोटा नाही. बिश्केकमधल्या ज्या ऑफिसचं काम मी घरून करते, तिथे डोंगरात फिरायला नेणाऱ्या कंपन्या येतात. त्यांच्या साइटकडे कोणकोण बोट दाखवतं, म्हणजे कुठल्या पानावर त्यांची लिंक आहे, ती चांगली की नुसती भरताड, हे मी तपासते. आणि चांगल्या ठिकाणी नसेल तर पत्र लिहून मागते. आपांना हे समजावताना मी म्हटलं होतं, "आपा, सर्च म्हणजे मुलगी बघायला आलेला व्याही आहे. आपण आपल्या मुलीचं कितीही कौतुक केलं तरी तो मान डोलावतो, चहा पितो, आणि जाताना हळूच चार घरं पलीकडे जाऊन विचारतो, की काय हो, माणसं कशी आहेत?" आपांना हे पटलं. इतकं पटलं की तिथेच घात झाला.

मागच्या शरदात मी आठवडाभर ऑफिसच्या कामाला बिश्केकला गेले, आणि माझ्यामागे आपांनी आपल्या शिर्दाक-जाजमांच्या साइटसाठी आशर बोलावलं. तुमच्या काकांच्या घराला गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एका दिवसात छप्पर चढवलं होतं ना, अगदी तसं आशर, फक्त विटांच्या जागी लिंका. मेंढी कापली, बोरसोकच्या पुऱ्या तळल्या, कायमाकच्या सायीचं भांडं मधे ठेवलं, आणि ज्याची म्हणून साइट आहे त्याला निरोप धाडला. लग्नात माइक हातात आला की खाली न ठेवणारे कास्माली बाइके आले. टायरवाला शेयशेन आला. दातांचा डॉक्टर आला, घोड्यांच्या खेळाचं मंडळ आलं, गेस्टहाउसवाली आली. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर प्रत्येकाच्या फोनवर कुठे काय दाबायचं ते दाखवत फिरत होता. आपा उशीला टेकून स्वतःच्या नावासकट मजकूर सांगत होत्या, आणि सगळे तोच मजकूर मुकाट्याने लिहीत होते: "कोचकोरमधला सर्वांत उत्तम शिर्दाक, उमसुनाय यांच्या शेडमध्ये." एक शब्द इकडेतिकडे नाही. कास्माली बाइकेंनी "जगातला सर्वांत उत्तम" करायचा प्रयत्न केला, तर आपा म्हणाल्या, "जग तू पाहिलंयस का? मुकाट्याने कोचकोर लिही."

आणि ह्यावर कळस म्हणजे, जो आपल्या आशरला आला त्याच्या आशरला आपण जायचं, ही रीत. म्हणून आपांनी आपल्या साइटवर त्या सगळ्यांच्या लिंका लावून घेतल्या. शिर्दाकाच्या फोटोखाली टायर, टायरखाली दाढा. मग त्यांनाही वाटलं की आपण एकमेकांना कसं वगळायचं, त्यांनीही आपापसांत लावल्या. मी परत आले तेव्हा आपा दारातच उभ्या होत्या, चेहरा असा की जणू नातवाचं बारसं आहे. "ये, ये! तू एकेक मागत बसतेस. मी एका दुपारी अख्खं गाव उभं केलं."

जिबेक, मला हसावं की रडावं कळेना. ज्यांनी आपुलकीने हात लावला त्यांचं मन किती स्वच्छ! पण सर्चला आशर कसं कळणार? त्याला एवढंच दिसतं की टायरवाला, दातवाला आणि घोडेवाले एकाच दिवशी, एकाच शब्दांत, एकाच शिर्दाकाची स्तुती करतायत आणि एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेत. पैसे चारून लिंका विकत घेणारे लोक नेमकं हेच करतात. व्याह्याने चार घरं विचारलं, चारही घरांनी पाठ केल्यासारखं तेच वाक्य म्हटलं, तर तो काय समजेल? पहिल्या पानावर दिसणारी आपली साइट महिन्याभरात इतकी खाली गेली की मलाही शोधून सापडेना. हिवाळ्यातल्या ऑर्डरी आल्याच नाहीत. शेडमधल्या बायका येऊन चूल पेटवायच्या, चहा प्यायच्या आणि दुपारी घरी जायच्या. बेगायिम एजे तर मुलाकडे रशियात जायचं म्हणून कागदपत्रं करायला लागल्या. आणि आपांनी फेब्रुवारीत एकदा, भाकरी मोडता मोडता, साधं बाजाराचं सांगावं तसं सांगितलं, की यंदा लोकर उतरायच्या आत गिऱ्हाईक फिरकलं नाही तर आपण लोकर घ्यायची नाही. लोकर नाही घेतली तर शेड बंद. त्यांच्या आईपासून चालत आलेली शेड.

मग मी कंबर कसली. पहिलं काम, लावलेल्या लिंका काढायला लावणं. तू इथे असतीस तर मी तुलाच पाठवलं असतं. आशरमध्ये रचलेली वीट परत काढून घे, असं कोणाच्या तोंडावर सांगायचं? आपा म्हणाल्या, "मी माणसांना जेवू घालून बोलावलं. आता त्यांच्या दारात जाऊन सांगू की तुमचं तोंड आमच्या घराला शोभत नाही? मी मेल्यावर सांग." म्हणून मीच ताजी भाकरी फडक्यात बांधून घरोघर हिंडले. डॉक्टरने मुकाट्याने काढली. शेयशेन मात्र दुखावला. "काय गं वहिनी, माझ्या टायरांची घाण लागली का तुमच्या शिर्दाकाला? तुझ्या लग्नात वरातीची पाचही चाकं मी फुकट बदलली होती!" मी म्हटलं, गाडीला चाकं चार. म्हणाला, "एक चाक दोनदा पंक्चर झालं." शेवटी मी त्याच्यासमोर बसून सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे आपण एवढं प्रेम केलं की त्याला ते लबाडीचं वाटलं?" हो रे बाबा, नेमकं तेच. त्याने लिंक काढली आणि वर मला एक जुना टायर दिला, अंगणात लेकरांच्या झोपाळ्याला. कास्माली बाइके अजून बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणं गावाला मानवलंय.

दुसरं काम माझ्या आवडीचं. नव्या लिंका मागायच्या आधी मी नेहमी बघते की कोण आधीच आपल्या दारावर टकटक करतंय आणि आपल्यालाच ऐकू येत नाही. साइटवरचं एखादं पान काढलेलं असतं, हललेलं असतं, पण दूर कोणीतरी अजून त्याच पानाकडे बोट दाखवत असतं. माणूस त्या लिंकवर बोट ठेवतो आणि समोर येतं, "हे पान सापडलं नाही." अशी लिंक सापडली की मी तिच्या मालकाला लिहिते की आपली लिंक तुटली आहे, कृपया नवा पत्ता टाकावा. माझ्याकडे ते पत्र तयारच असतं, नुसतं नाव बदलायचं. तर मार्चमध्ये आपल्या साइटसाठी मी ही तपासणी लावली, आणि अशी एकच लिंक निघाली. पण काय लिंक! त्या पानाला म्यूझियमवाले मानतात, विद्यापीठवाले मानतात, लोकरीवर लिहिणारं जगातलं प्रत्येक माणूस त्याचा हवाला देतं. सर्चच्या दृष्टीने असं एक बोट म्हणजे आख्ख्या गावाच्या आशरपेक्षा भारी. मी जागच्या जागी उडी मारली. मग मालकाचं नाव बघितलं, तर ते तुझं.

तुझी साइट मी आधी कधी पाहिली नव्हती, ह्याचं मला आश्चर्य वाटलं, आणि तू कधी सांगितलं नाहीस ह्याचं जास्त. मी सगळी वाचली. चिकट लोकर धुवायची कशी, चटईत गुंडाळून लाथांनी तुडवायची कशी, सगळं तू असं लिहिलंयस की मला वाफेचा वास आला. आणि ते शिंगांच्या नक्षीचं पान. लाल थर आणि निळा थर एकावर एक ठेवून एकदाच सुरी फिरवायची, लालातलं शिंग निळ्यात बसवायचं आणि निळ्यातलं लालात, म्हणून शिर्दाक कधी एकटा जन्माला येत नाही, त्याचं जुळं कुठेतरी असतंच. खाली तिकडच्या, तार्तू शहरातल्या तुझ्या खोलीतल्या शिर्दाकाचा फोटो. आणि त्याखाली एक ओळ: "हे मी जिच्याकडून शिकले, ती इथे आहे." त्यातल्या "इथे" ह्या शब्दावर लिंक. मी बोट ठेवलं. "हे पान सापडलं नाही."

ते पान कुठलं, हे मला लगेच कळलं, कारण ते मीच काढलं होतं, आपांच्या सांगण्यावरून, तू गेलीस त्याच आठवड्यात. त्यावर तुमच्या दोघींचा फोटो होता, ताज्या शिवलेल्या त्या जुळ्या शिर्दाकांवर मांडी घालून बसलेल्या. स्कॉलरशिपचं तू जायच्या दिवशी सकाळी सांगितलंस, आणि आपा म्हणाल्या की जायचं तर जा, पण मग ह्या उंबऱ्याला तुझी गरज नाही. तू एक शिर्दाक खांद्यावर टाकून निघालीस. आपांनी पान काढायला लावलं, पण दुसरा शिर्दाक विकला नाही. एका पाहुण्याने मागेल ती किंमत द्यायची तयारी दाखवली, तर त्याला म्हणाल्या, "ह्याला कसर लागलीय." एकही भोक नाही त्याला. तो गाद्यांच्या ढिगावर सगळ्यांत वर आहे.

आता माझा प्रश्न. माझ्या तपासणीत एखादी लिंक पहिल्यांदा कधी दिसली तेही कळतं. तुझी ती लिंक, तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी लावलेली आहे. म्हणजे तू ती लावलीस तेव्हाच ते पान नव्हतं. तू पत्ता पाठ ठेवून लिहिलास. आपल्या साइटचं पहिलं पान तर चालू होतं, त्याचा पत्ता देणं सोपं होतं. गेल्या हिवाळ्यात तू त्या पानावरचा फोटो बदललास, दोन ओळी नव्या घातल्यास, आणि ही लिंक तशीच राहू दिलीस. मी ह्या धंद्यात हजारो तुटक्या लिंका पाहिल्यात. लोक विसरतात, आळस करतात, मरतात. पण नसलेल्या दारावर मुद्दाम, वर्षानुवर्षं बोट दाखवत उभं राहिलेलं कोणी मी पाहिलं नव्हतं. का गं? रुसून की वाट बघून? मला दोन्ही खरं वाटतं आणि दोन्ही खोटं. मला तुझी फार आठवण आली, एवढं मात्र नक्की.

मी तुला परस्पर ते तयार पत्र पाठवू शकले असते. पण साइट आपांची, म्हणून मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. त्या नमद्यावर खडूने शिंगं काढत होत्या. मी म्हटलं, तार्तूच्या एका बाईचं पान आहे. त्यांचा खडू थांबला नाही, पण शिंग वाकडं गेलं. म्हणाल्या, "वाच." मी एकेक वाक्य आपल्या बोलीत करून वाचत गेले. त्यांचा खडू चालूच. मग ते वाक्य आलं, जिथे तू लिहिलंयस की मला शिकवणारी बाई दोन तुकड्यांमधला दोरा आवळताना दातांनी ओढायची. आणि तुझ्या आईने इतक्या वर्षांत तुझ्याबद्दलचं पहिलं वाक्य उच्चारलं: "दातांनी? मी कधी ओढला दातांनी? नखाने ओढते मी! तिकडे जाऊन लोकांना चुकीचं शिकवतेय!" बेगायिम एजे हसून लोळायच्या बाकी होत्या, कारण आख्ख्या कोचकोरला माहितीये, आपा दातांनीच ओढायच्या. पण तू गेलीस तेव्हा त्यांना दात होते, जिबेक. आता वरची कवळी आहे. दोन हिवाळे झाले, त्या नखाने ओढतात. हसणं थांबलं तेव्हा आपांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं आणि म्हणाल्या, "तिला कसं माहीत असणार."

मी शेवटची ओळ वाचली, आणि "इथे" वर बोट ठेवून पान सापडत नाही तेही दाखवलं. मग माझ्या कामाच्या पद्धतीप्रमाणे म्हटलं, आपण तिला लिहू या, तिने नवा पत्ता टाकला की झालं, साइट वर येईल. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा साइटच दिसत होती. आपांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मीठ विसरलेय. म्हणाल्या, "दार आम्ही उचलून ठेवलं, आणि वाट तिने बदलायची? ती बरोबर जागी आली आहे. पान होतं तिथे परत लाव."

म्हणून हे पत्र. ती लिंक बदलू नकोस, तुला काहीच करायचं नाही. पान जुन्या पत्त्यावर जसंच्या तसं परत लावलं आहे. फोटो मात्र नवा आहे. आपा दुसऱ्या शिर्दाकावर बसल्या आहेत, अर्ध्या जागेत, आणि तोंड घट्ट मिटलेलं, ते रागाने नाही, कवळीमुळे. मजकूर त्यांनीच सांगितला: "ह्या शिर्दाकाचं जुळं तार्तूला माझ्या मुलीकडे आहे." मी विचारलं, मुलीचं नाव काय लिहू? तर डाफरल्या, "नाव काय म्हणजे? तिला नाव नाही का? जिबेक लिही." शेडमध्ये सगळ्यांनी ऐकलं. काल लोकरवाल्याला निरोप गेलाय की गिऱ्हाईक येवो न येवो, यंदाची लोकर आमची, बेगायिम एजेंनी कागदपत्रं ट्रंकेत टाकली, आणि सर्चमध्ये आपण अजून कितीही खाली असलो तरी आपांना त्याची पर्वा राहिलेली नाही. फक्त माझ्याकडून एक आगाऊपणा झालाय. पानावर कोण कुठून आलं हे मला दिसतं, असं मी त्यांना बोलून बसले. तेव्हापासून रोज सकाळी चहा गाळता गाळता त्या विचारतात, "तार्तूहून आलं का कोणी?" आणि मी नाही म्हटलं की कोंबड्यांना दाणे टाकायला जातात. तर जिबेक, माझ्या प्रश्नाचं उत्तर सवडीने दे, नाहीतर नको देऊस. पण हे वाचून झालं की तुझं ते शिंगांचं पान उघड आणि त्या "इथे" वर एकदा बोट ठेव. मला इकडे लगेच कळेल, आणि मी आपांना आत बोलावून सांगेन की आली.

तुझ्या घरात येऊन वहिनी झालेली, पण त्याआधीपासून तुझीच,
कुंदुझ